अमेरिकेतल्या चायनीज बुफेला पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

दर ऑगस्टला आमच्या ओहायोत नवीन मुलं येतात मास्टर्स करायला, आणि दिवाळी यायच्या आत कोणीतरी सीनियर त्यांना सांगतोच की चला रे, चायनीज बुफेला जाऊ, स्वस्त आणि पोटभर. मग मला मेसेज सुरू. ताई तिथे टीप द्यायची असते का, ताई त्यात व्हेज काय असतं, आई-बाबा आलेत त्यांना नेलं तर चालेल का. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. लांबलंय, पण वाचा, तिथे जाऊन गोंधळ होणार नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावरच चालतं. बुफेत पैसे वसूल होतात ते किती खाल्लं त्याच्यावर नाही, ट्रे ताजा असताना खाल्लं की नाही त्याच्यावर. तोच ऑरेंज चिकनचा तुकडा, किचनमधून आल्या आल्या कुरकुरीत आणि झकास, आणि अर्धा-पाऊण तास दिव्याखाली पडून राहिला की चामडं. त्यामुळे कुठे जायचं, किती वाजता जायचं, प्लेट कधी भरायची, सगळं त्या ट्रेकडे बघून ठरवायचं.

आणि हो, हे आपलं चायनीज नाही! मंचुरियन, ट्रिपल शेजवान, चायनीज भेळ हे सगळं भारतात जन्मलेलं. चिकन मंचुरियन तर आपल्या मुंबईतच, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास केलं असं सांगतात. तसंच इथलं चायनीज इथलं झालंय. जनरल त्सोज चिकन हुनानच्या पेंग चांग-क्वे नावाच्या शेफनी १९५० च्या दशकात तैवानमध्ये बनवलं, पुढे न्यूयॉर्कला येऊन ते गोड झालं. ऑरेंज चिकन १९८७ चं, पांडा एक्सप्रेस या इथल्या चायनीज फास्टफूड साखळीवाल्यांचं. क्रॅब रंगून म्हणजे तळलेल्या पुडीत क्रीम चीज, आता चीनमध्ये क्रीम चीज कोण घालतं सांगा. थोडक्यात गोडसर, चिकट, तिखट जवळपास शून्य. शेजवान चटणी मागू नका, त्यांना कळणारही नाही. टेबलावर लाल मिरचीचं तेल किंवा श्रीराचा (मिरचीचा सॉस) असतो, त्याच्यावर भागवायचं. (माझ्या ओळखीचे एक काका खिशात लसणाच्या चटणीची पुडी घेऊन जातात. मला त्यात काही गैर वाटत नाही.)

१. जागा कशी निवडायची

हे बुफे बहुतेक स्ट्रिप मॉलमध्ये असतात, एका बाजूला डॉलर स्टोअर, दुसऱ्या बाजूला लाँड्री. बाहेरून कळकट दिसलं म्हणून घाबरू नका आणि दारात मोठे सिंह आणि कारंजं दिसलं म्हणून भुलू नका. पार्किंग लॉट बघा. जेवायच्या वेळेला गाड्या भरलेल्या असतील तर जा, कारण गिऱ्हाईक जास्त म्हणजे ट्रे पटापट संपणार आणि नवीन येणार. तीनच गाड्या उभ्या असतील तर सरळ दुसरीकडे जा.

गूगलवर स्टार बघण्यापेक्षा लोकांनी टाकलेले ताजे फोटो बघा, दोन वर्षांपूर्वीचे नकोत. हेल्थ इन्स्पेक्शनचा रिपोर्टही बघता येतो. न्यूयॉर्क शहरात २०१० पासून ए, बी, सी असा ग्रेड काचेवरच लावतात, लॉस एंजेलिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) तर १९९८ पासून. बाकी बऱ्याच ठिकाणी काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटच्या साइटवर रेस्टॉरंटचं नाव टाकलं की निघतो. एखादी चूक सगळ्यांचीच लिहिलेली असते, पण टेम्परेचरबद्दल परत परत लिहिलं असेल तर तिकडे फिरकू नका. सरकारी नमुना नियम असा आहे की गरम पदार्थ किमान १३५ फॅरनहाइटला (म्हणजे ५७ सेल्सिअस) आणि थंड पदार्थ ४१ किंवा त्याहून कमीवर ठेवायचे. आपण काय थर्मामीटर घेऊन जाणार नाही, पण गरम ट्रेमधून वाफ यायला हवी आणि थंड ट्रेखाली बर्फ दिसायला हवा, एवढं तर बघता येतं ना.

२. कधी जायचं

लंच साधारण ११ ते साडेतीन-चार, नंतर डिनर. आमच्या भागात हल्ली लंच १२ ते १५ डॉलरच्या आसपास, डिनर १७ ते २२, तुमच्याकडे थोडं कमीजास्त असेल. डिनरला पैसे जास्त कारण खेकड्याचे पाय, मोठी कोळंबी, सुशीच्या जास्त व्हरायटी बाहेर काढतात. शाकाहारी माणसानं डिनरला जाऊन ते जास्तीचे पैसे देण्यात काहीच अर्थ नाही, लंचलाच जा. रविवारी बऱ्याच ठिकाणी दिवसभर डिनरचाच रेट लावतात, फोन करून विचारून घ्या, साइटवरचे रेट जुने असतात.

एक जुगाड सगळे सांगतात की सव्वातीनला लंचच्या रेटमध्ये आत शिरायचं आणि चार वाजता डिनरचे ट्रे आले की ते खायचे. होतं तसं, काही ठिकाणी. पण मला विचाराल तर नको. दोन ते चार ही बुफेची सगळ्यात मेलेली वेळ, गर्दी ओसरलेली, ट्रे तसेच पडलेले, आणि त्या डिनरच्या आशेवर तुम्ही पाऊण तास तेच सुकलेलं लो मेन (सॉसमध्ये परतलेल्या नूडल्स) चिवडत बसणार. शिवाय हल्ली वेळेची मर्यादा लिहिलेली असते भिंतीवर. त्यापेक्षा वर्किंग डेला बाराच्या ठोक्याला जा, नाहीतर रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर अख्खी कुटुंबं येतात तेव्हा गर्दी भयंकर पण माल एकदम ताजा.

३. सोबत काय घ्यायचं

- कार्ड, आणि थोडी कॅश. एक-एक आणि पाच-पाच डॉलरच्या नोटा टीपसाठी लागतातच. कॅश दिली तर काही जण थोडं डिस्काउंट पण देतात.
- आयडी. बिअर हवी असेल तर २१ वर्षांचा पुरावा, नवीन मुलांकडे स्टेट आयडी नसतो तेव्हा पासपोर्टच. आई-बाबांसाठीही जवळ ठेवा, सीनियर डिस्काउंट बोर्डवर लिहिलेला नसला तरी विचारावं, कुठे ६० ला मिळतो कुठे ६५ ला.
- मुलांचं वय तोंडपाठ. लहान मुलांचा रेट वयाप्रमाणे असतो, काही ठिकाणी चक्क उंचीप्रमाणे. खोटं वय सांगू नका, मूलच मोठ्यांदा म्हणतं "आई मी सात वर्षांचा आहे ना!"
- ॲलर्जी असेल तर इंग्लिशमध्ये कागदावर लिहून. कोळंबी किंवा शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी असेल तर मात्र बुफेला जाऊच नका. चमचे इकडचे तिकडे होतात, तेल एकच असतं, कोणी गॅरंटी देऊ शकत नाही.
- स्वेटर. एसी उगाच जोरात असतो.

४. आत शिरल्यावर

दारात थांबायचं. रिकामं टेबल दिसलं की जाऊन बसायची आपली सवय इथे चालत नाही, कोणीतरी येऊन "हाऊ मेनी?" विचारतं आणि टेबल देतं. काही ठिकाणी पैसे आधीच काउंटरवर घेतात, काही ठिकाणी जाताना. आधी घेत असतील तर पावती टाकू नका.

बसलात की पहिला प्रश्न ड्रिंक्सचा. इथे नवीन माणूस हमखास फसतो, कारण सगळे म्हणतात बुफेमध्ये सगळं आलं, तर सोडा त्यात नसतो बहुतेक. दोन-तीन डॉलर प्रत्येकी, रिफिल मात्र फुकट. चार जणांनी कोक घेतला की आठ ते बारा डॉलर तिथेच गेले, वर टॅक्स. पाणी फुकट असतं, "जस्ट वॉटर" म्हणायला लाजायचं काही कारण नाही. आई-बाबांसाठी "नो आइस" आठवणीनं सांगा, नाहीतर ग्लासभर बर्फच येतो. हॉट टी कुठे फुकट कुठे विकत, विचारा.

आणखी एक. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाचे पैसे लागतात. "आईचा आज चतुर्थीचा उपवास आहे, ती नुसती बसेल" असं असेल तर बसायच्या आधीच सांगा, बहुतेक जण समजून घेतात. पण मग तिच्यासमोर फळांची प्लेट आणून ठेवली तर तिचे पैसे लावणार, आणि ते बरोबरच आहे. एकाने घ्यायचं आणि दोघांनी खायचं हे कोणी करू नये. काही शहाणे करतात आणि मग सगळ्या देशी लोकांकडे संशयानं बघतात तिथे.

५. प्लेट न घेता एक चक्कर

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि कोणीच करत नाही. पहिल्या काउंटरवर फ्राइड राइस आणि नूडल्स असतात, मुद्दामच, स्वस्तात पोट भरणारं आधी. भुकेला माणूस तिथेच अर्धी प्लेट भरतो आणि मग पुढे बघतो तर ग्रिल, सुशी, कोळंबी. म्हणून हात मागे बांधून सगळीकडे एक चक्कर मारा. कुठल्या ट्रेला वाफ आहे, कुठल्यावर साय धरल्यासारखा सॉसचा थर आलाय, कुठला जवळपास संपलाय.

संपत आलेला ट्रे दिसला तर तळातलं खरवडू नका, पाच मिनिटं थांबा. किचनचं दार कुठे आहे ते बघून ठेवा. ते दार ढकलून ग्लोव्ह्ज घातलेला माणूस दोन्ही हातांत ट्रे धरून येतो, जुना उचलतो, खालच्या गरम पाण्यातून भसकन वाफ येते, नवीन ट्रे खटकन बसवतो, आणि आजूबाजूची तीन-चार माणसं सहज म्हणून तिकडे वळतात. ती रेग्युलर येणारी माणसं. तुम्ही पण वळा.

६. व्हेज आणि बीफ न खाणाऱ्यांनी काय करायचं

इथे सावकाश वाचा. व्हेज दिसतं म्हणून व्हेज नसतं.

भाज्यांचा ट्रे, म्हणजे ब्रोकोली, मशरूम, हिरव्या शेंगा, चकचकीत ब्राऊन सॉसमध्ये. त्या सॉसमध्ये बहुधा ऑइस्टर सॉस (कालवांचा) किंवा चिकनचा स्टॉक असतो. टोफूच्या ट्रेमध्ये कधी पोर्कचा खिमा असतो, बारीक, मसाल्यासारखा दिसतो. फ्राइड राइसमध्ये अंडं तर असतंच, गुलाबी चौकोनी तुकडे दिसले तर ते हॅम, गाजर नव्हे. एग रोलच्या आत कोबीसोबत बहुतेक वेळा पोर्क. स्प्रिंग रोल छोटे आणि पातळ असतात ते बऱ्याचदा व्हेज, पण विचारूनच. सूपमध्ये हॉट अँड सावरमध्ये पोर्कचे पातळ तुकडे, वाँटनमध्ये आत पोर्क, एग ड्रॉप दिसायला साधं पण चिकनच्या पाण्यातलं. फ्रेंच फ्राइज चिकनच्याच तेलात तळलेले. जेलोमध्ये (म्हणजे जेली) जिलेटिन, म्हणजे तेही प्राण्यापासूनच.

मग उरतं काय? पांढरा भात, सॅलड, फळं, कधी साधं व्हेज लो मेन, भाजलेले बटाटे, पिझ्झाचा चीज स्लाइस (ज्यांना चीजमधलं रेनेट, म्हणजे बहुधा वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, चालतं त्यांना), आइस्क्रीम. अंडं खाणाऱ्याला थोडं जास्त. कडक शाकाहारी आणि जैन मंडळींना मी स्पष्टच सांगते, तिथे पैसे घालवू नका. त्याच पैशात इंडियन बुफे नाहीतर एखादं थाई बघा, टोफू आणि सॉस सांगून करून घेता येतो.

विचारताना "इज इट व्हेजिटेरियन?" विचारू नका. वेट्रेस घाईत असते, तिचं इंग्लिशही आपल्याइतकंच, वर भाजी दिसतेय म्हणून ती येस म्हणते आणि तिच्या हिशोबानं ते खोटं नसतं. एकेक विचारा, नो चिकन? नो पोर्क? नो ऑइस्टर सॉस? नो एग?

बीफ न खाणाऱ्यांसाठी, स्टेक हा शब्द दिसला की बीफ समजा. पेपर स्टेक म्हणजे सिमला मिरचीची भाजी वाटते लांबून. बीफ ब्रोकोली आणि चिकन ब्रोकोली शेजारी-शेजारी ठेवतात, सॉस एकाच रंगाचा, चमचा अदलाबदल झालेला. लेबल पण एक ट्रे सरकलेलं असू शकतं. मंगोलियन बीफ नावावरून कळतं, शॉर्ट रिब्ज मात्र बीफ धरून चाला आणि नुसत्या रिब्ज असतील तर पोर्क. पेपरोनी आणि बेकन पण बघून. डोळ्यांवर विश्वास नसेल तर मोठ्या तुकड्यांचं चिकनच घ्या, सेसमी चिकन, जनरल त्सो, चिकन विंग्ज, ते ओळखू येतं.

७. प्लेट भरणं

छोटं-छोटं घ्या. आपल्याला पानात टाकू नये असं शिकवलंय, ते चांगलंच आहे, पण इथे त्याचा उलटा परिणाम होतो, माणूस डोंगर भरून आणतो आणि मग आवडलं नाही तरी गिळत बसतो. प्रत्येकातला एकेक तुकडा आणा, चाखा, आवडेल ते परत आणा. टाकलंत तर जास्तीचे पैसे लावू अशा पाट्याही असतात.

दुसऱ्या वेळेला जाताना तीच प्लेट घेऊन जायची नाही! हा नुसता शिष्टाचार नाही, हेल्थचा नियम आहे, खरकट्या प्लेटने परत वाढून घ्यायला मनाई असते. जुनी प्लेट टेबलावर सोडायची, वेट्रेस उचलते, काउंटरवरून नवीन घ्यायची. आपल्याला वाटतं उगाच कशाला भांडी खराब करायची, पण घ्यायचीच. ट्रेचा चमचा आपल्या प्लेटला लावायचा नाही, चिकनचा चिमटा भाजीत घालायचा नाही, आणि काचेखालून डोकं आत घालून वास तर अजिबात घ्यायचा नाही. मुलांना एकटं सोडू नका काउंटरवर, चॉकलेटच्या कारंज्यात बोट जातंच.

८. ग्रिल आणि सुशी

बऱ्याच ठिकाणी एका कोपऱ्यात हिबाची किंवा मंगोलियन ग्रिल असतं. कच्च्या भाज्या, नूडल्स, मांस वाडग्यात भरायचं, सॉस निवडायचा, समोर मोठ्या तव्यावर परतून देतात. माझ्या मते अख्ख्या बुफेतली ही सगळ्यात चांगली गोष्ट, कारण ताजं आणि आपल्या डोळ्यांसमोर, आणि मिरच्या हव्या तेवढ्या घालता येतात. लसूण, कांदा, सिमला मिरची, नूडल्स आणि भरपूर चिली सॉस, आपल्या हाका नूडल्सच्या सगळ्यात जवळ जाणारी चव इथेच मिळते. तव्यावर आधी मांस परतलेलं असतं, शाकाहारी माणसानं "क्लीन फर्स्ट प्लीज" म्हणावं, काही जण खरवडून पाणी मारून देतात. शेजारी टीपची बरणी असते, एक डॉलर टाका.

सुशीत कच्चा मासा नको असेल तर कॅलिफोर्निया रोल. त्यातला खेकडा खरा नसतो, माशाच्या लगद्याचा असतो, पण मासा आहेच. कच्च्या माशाचे तुकडे स्वस्त बुफेत मी खात नाही, तुमचं तुम्ही बघा.

९. खेकड्याचे पाय

डिनरला, विशेषतः शुक्रवार-शनिवारी, स्नो क्रॅबचे पाय येतात आणि त्या ट्रेभोवती जे होतं ते बघण्यासारखं असतं. शांत दिसणारी म्हातारी माणसं चिमटा घेऊन रांगेत उभी असतात. रांगेतच राहा, आणि पूर्ण ट्रे स्वतःच्या प्लेटमध्ये ओतू नका, वाईट दिसतं.

आपण कोकणातले लोक दातांनी फोडणारे, इथे फोडायची पकड देतात. पण ती पण लागत नाही फारशी. सांध्याच्या जरा बाजूला पाय दोन्ही हातांनी हलकेच वाकवायचा, कट आवाज आला की सावकाश ओढायचं, आतली पांढरी शीर निघते आणि तिच्यामागून अख्खा मांसाचा दांडा. वितळलेलं बटर आणि लिंबू शेजारीच असतं. मीठ जास्त असतं, पाणी प्या.

१०. गोड

थोडक्यात आटपा. साखरेत घोळवलेले गरम डोनट मात्र चुकवू नका, गरम असतील तरच. केक सगळे एकाच चवीचे.

११. बिल आणि टीप

बिल फॉर्च्युन कुकीजसोबत येतं. आधी बिल नीट वाचा. सहा किंवा जास्त जण असाल तर १८ टक्के वगैरे सर्व्हिस आधीच लावलेली असू शकते, ग्रॅच्युइटी असा शब्द असेल तर वर परत टीप द्यायची गरज नाही. मोठ्या ग्रुपमध्ये बाहेर पडणारी देशी मंडळी इथे दोनदा टीप देऊन येतात.

नसेल लावलेली तर बुफेला साधारण १० टक्के, चांगली सेवा असेल तर १५. पूर्ण सर्व्हिसच्या हॉटेलात १५ ते २० असते, इथे आपणच वाढून घेतो म्हणून कमी. हिशोब टॅक्सच्या आधीच्या रकमेवर करा, म्हणजे दोघांचे ३६ डॉलर झाले तर चार-पाच डॉलर. कार्डच्या पावतीवर टीपची ओळ असते, तिथे आकडा लिहून खाली टोटलही स्वतःच लिहायची, रिकामी सोडायची नाही. किंवा टीपच्या ओळीवर आडवी रेघ मारून टेबलावर कॅश ठेवा.

"आपणच उठून आणतो तर टीप कशाला" असं बाबा म्हणणारच. त्यांना सांगा, टीप मिळणाऱ्या कामगाराला फेडरल कायद्यानं मालकाने तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात, टीप धरून किमान वेतन भरलं की झालं, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बऱ्याच राज्यांत जास्त आहे, पण उत्पन्न बरंचसं टीपवरच. या बुफेंमध्ये काम करणारे कितीतरी जण चीनच्या फूच्येन प्रांतातून आलेले असतात, न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या एजन्सीतून नोकरी घेऊन बसनं कुठल्या तरी अनोळखी गावात उतरतात. तुमची सातवी खरकटी प्लेट त्यांच्यातलीच एखादी बाई उचलते.

१२. घरी न्यायचं असेल तर

टेबलावरचं उरलेलं डब्यात भरून न्यायचं नाही, पर्समध्ये टिश्यूत गुंडाळून तर नाहीच (हसू नका, होतं). पण टु-गो वेगळं मिळतं आणि ते मला फार उपयोगी वाटतं. दोन पद्धती असतात. वजनावर, म्हणजे पाउंडाला इतके डॉलर, तिथे भात, नूडल्स आणि हाडांच्या विंग्ज घेऊ नका, भात घरी लावा आणि बिनहाडाचं चिकन घ्या. नाहीतर डब्यावर, एका डब्याचे ठरावीक पैसे, पण झाकण पूर्ण बंद झालं पाहिजे अशी अट, तिथे उलट दाबून भरा. सीफूडचा रेट वेगळा असतो आणि तो बोर्डवर बारीक अक्षरात खाली लिहितात, डबा भरायच्या आधी वाचा.